सायटेशनच्या हिशोबात न मावणाऱ्या बीट्रिस टिन्स्ली

दूरच्या दीर्घिका आपल्याला त्यांच्या तरुणपणीच्या दिसतात, कारण त्यांचा प्रकाश इथवर पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. हे आता शाळेतली मुलंही सांगतात. यातून निघणारा पुढचा प्रश्न मात्र १९६० च्या दशकात फारसा कुणी मनावर घेत नव्हतं. तरुणपणी ती दीर्घिका आजच्याइतकीच तेजस्वी होती का?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर विश्वाचं भवितव्य टांगलेलं होतं. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीवर काम करणारे ॲलन सँडेज दीर्घिकासमूहांतल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिकांना प्रमाण दिवे मानत होते. दिवा जितका मंद दिसेल तितका तो दूर. त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग किती घटतो आहे हे काढायचं, अशी ती पद्धत. प्रमाण दिवाच वयानुसार मंदावत असेल तर सगळं गणित कोलमडतं. ते मंदावणं दुर्लक्ष करण्याइतकं क्षुल्लक नाही, हे आकड्यांनिशी दाखवलं बीट्रिस टिन्स्ली यांनी, टेक्सस विद्यापीठात १९६६ साली पूर्ण केलेल्या पीएचडीच्या प्रबंधात.

त्यांचा जन्म १९४१ चा, इंग्लंडमधल्या चेस्टरचा, वाढल्या न्यूझीलंडमध्ये. पतीची नोकरी डॅलसला, विद्यापीठ सुमारे तीनशे किलोमीटरवर ऑस्टिनला. ये-जा करत त्यांनी प्रबंध पुरा केला. पुढे दोन दत्तक मुलांचा सांभाळ आणि कायम नोकरी नाही, अशा अवस्थेत बरीच वर्षं गेली. १९७४ मध्ये त्या विभक्त झाल्या, १९७५ मध्ये येल विद्यापीठात गेल्या आणि १९७८ मध्ये तिथल्या खगोलशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. २३ मार्च १९८१ रोजी त्वचेच्या कर्करोगाने त्या गेल्या, तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. उजवा हात चालेनासा झाल्यावर शेवटचा शोधनिबंध त्यांनी डाव्या हाताने लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत अशी. दीर्घिका हा ताऱ्यांचा मोठा समुदाय. वायूपासून किती तारे, किती वस्तुमानाचे, कोणत्या वेगाने जन्मतात ते ठरवायचं. जड तारे निळे, प्रखर आणि अल्पायुषी. हलके तारे तांबूस, मंद आणि दीर्घायुषी. प्रत्येक तारा वयानुसार किती प्रकाश देतो आणि मरताना किती वायू, किती जड मूलद्रव्यं परत सोडतो, याची बेरीज संगणकाकडून काळाच्या एकेका टप्प्यावर करून घ्यायची. दीर्घिकेचा रंग आणि तेज कसं बदलत जातं ते त्यातून दिसतं. उलट बाजूने, रंगावरून दीर्घिकेचा इतिहास वाचता येतो. माझ्या मते त्यांचं खरं देणं हेच: दीर्घिका हे आकाशातलं स्थिर चित्र न राहता एक चरित्र झालं.

जेमतेम चौदा वर्षांत सुमारे शंभर शोधनिबंध. १९७४ मध्ये गॉट, गन आणि श्रॅम या सहकारी शास्त्रज्ञांबरोबरचा, विश्व कायम प्रसरणच पावत राहील असं मांडणारा निबंध. १९७५ मध्ये जेम्स गन यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये आलेला, प्रसरणाचा वेग चक्क वाढत असावा असं सुचवणारा निबंध. त्याचा पुरावा पुरेसा भक्कम नव्हता. वेगवर्धनाची खात्री १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून, वेगळ्याच वाटेने झाली. पण वेगवर्धन हा शब्द उच्चारण्याचं धैर्य तेवीस वर्षं आधी या दोघांनी दाखवलं होतं. १९७८ मध्ये रिचर्ड लार्सन यांच्यासह त्यांनी सामान्य आणि विचित्र आकारांच्या दीर्घिकांच्या रंगांची तुलना केली. दीर्घिका एकमेकींजवळून जातात किंवा आदळतात तेव्हा ताऱ्यांच्या जन्माला अचानक भर येतो, हे त्यातून दिसलं. 

आता अशा कामाच्या मोजमापाकडे येऊ. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानातल्या सायटेशनची, म्हणजे एका निबंधाने दुसऱ्याचा आधार घेतल्याच्या नोंदींची, सूची प्रकाशित केली. खगोलशास्त्रज्ञांसाठी नासाच्या पाठबळावर चालणारा एडीएस हा विदासंग्रह आला आणि कोणत्या निबंधाचा आधार कुणी कुठे घेतला ते क्षणात दिसू लागलं. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला: एखाद्याच्या तीस निबंधांना प्रत्येकी निदान तीस सायटेशन असतील, तर त्याचा एच तीस. अर्ज, बढत्या, अनुदानं यांत हा आकडा आता सर्रास विचारला जातो.

या आकड्याची एक मर्यादा टिन्स्ली यांच्याइतकी स्पष्टपणे क्वचितच कुणाच्या बाबतीत दिसते. एच कधीही निबंधांच्या संख्येच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे लवकर गेलेल्या माणसाला तो कायम खाली दाबून ठेवतो. उलट, २०१७ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरच्या एका निबंधाला साडेतीन हजारांहून अधिक लेखक होते. त्या निबंधाची सायटेशन त्यांतल्या प्रत्येकाच्या खात्यात जमा होतात.

दुसरी मर्यादा खोल आहे. गुस्ताव्हो ब्रुझुआल आणि स्तेफान शार्लो यांचं ताऱ्यांच्या समुदायांवरचं २००३ चं प्रारूप हजारो निबंधांत उद्धृत झालं आहे आणि ते योग्यच आहे, कारण लोक ते रोज वापरतात. पण त्या प्रारूपाखाली टिन्स्ली यांचीच पद्धत आहे. कल्पना सर्वांच्या अंगवळणी पडली की तिच्या जनकाचं नाव तळटीपेतून गळतं; समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही प्रक्रिया नोंदवून ठेवली आहे. उदाहरणार्थ, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या साहाय्याने ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा अतिनील प्रकाश टिपला गेला. अशा दीर्घिकेतल्या ताऱ्यांचं वय आणि वस्तुमान काढायची वाटही त्याच विचारातून जाते. म्हणून एखाद्या शास्त्रज्ञाचा एच पाहताना त्याच्या क्षेत्रातला कोणता विचार नावाशिवाय वापरला जातो, हेही विचारायला हवं. निवड समित्यांनी आकड्यासोबत दोन निबंध तरी वाचावेत.

अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्था १९८६ पासून टिन्स्ली यांच्या नावाने पुरस्कार देते. न्यूझीलंडच्या फियॉर्डलँडमधलं एक शिखर माउंट टिन्स्ली म्हणून ओळखलं जातं. प्रबंधावर आधारलेल्या १९६८ च्या निबंधाला त्यांनी ‘दीर्घिकांतील तारे आणि वायू यांची उत्क्रांती’ असं शीर्षक दिलं होतं. १९८० मध्ये लिहिलेल्या विस्तृत आढाव्यालाही त्यांनी तेच दिलं. तो आढावा ज्या नियतकालिकात आला ते मिळवणं पुढे अवघड होऊन बसलं. २०२२ मध्ये नव्याने अक्षरजुळणी करून तो अर्काइव्ह या मुक्त संग्रहात ठेवण्यात आला. आता तो कुणालाही फुकट वाचता येतो.