निसटलेला टाका पुन्हा सुईवर आणताना

जबलपूरची थंडी थोड्या दिवसांची, पण सकाळ-संध्याकाळ बोचणारी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ऊन चांगलंच तापतं. म्हणून इथे विणायला घेतलेला स्वेटर मध्यम जाडीच्या लोकरीचा आणि पुढून उघडणारा असावा. पहाटे ग्वारीघाटावर बटणं लावून घालता येतो, दुपारी सहज उतरवता येतो.

नवशिक्याची पहिली गफलत सुयांच्या नंबरापाशी होते. आपल्या दुकानांत सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० नंबरची सव्वातीन. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. परदेशी नमुना बघून विणायचं असेल तर नंबर सोडून मिलिमीटर बघावेत.

त्यानंतर नमुन्याचा चौकोन. पंधरा सेंटिमीटर रुंद तुकडा विणावा, स्वेटर जसा धुणार तसाच धुऊन सपाट वाळवावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावं. समजा २० बसले. छाती ९६ सेंटिमीटर, सैलपणासाठी ८ धरले, तर १०४ सेंटिमीटरच्या घेराला २०८ टाके लागतील. पण हात सैल असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये १८च टाके बसत असतील, तर त्याच २०८ टाक्यांचा घेर ११५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. स्वेटर अंगावर लोंबतो तो इथे. अशा वेळी एक नंबर बारीक सुई घेऊन चौकोन पुन्हा विणावा.

आता खुद्द टाक्याकडे बघू. टाका म्हणजे धाग्याचा एक फास. विणताना या फासातून नवा फास ओढून काढतो आणि जुना सुईवरून सोडून देतो. नवा फास आपल्याकडच्या बाजूला निघाला की सुलट टाका, पलीकडे निघाला की उलट. म्हणजे सुलट टाक्याची पाठ हाच उलट टाका. सुलट टाक्यांच्या उभ्या रांगा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे सरतात. म्हणूनच एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर आखडून बसते, ताणली तर पसरते आणि सोडली की पुन्हा मिटते. कंबर आणि मनगटाला ती लागते ती यासाठीच.

प्रत्येक फासाला वरचा फास धरून ठेवतो, हे कळलं की टाका निसटल्याची धास्ती उरत नाही. सुईवरून टाका सुटला की त्याच्या खालचे फास एकेक करून मोकळे होतात आणि आडव्या धाग्यांची शिडी दिसू लागते. धागा तुटलेला नसतो, फक्त उलगडलेला असतो. आधी सुटलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवावी, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग सुलट बाजू समोर धरून क्रोशाची सुई त्या फासातून पुढून मागे घालावी, शिडीची सगळ्यात खालची पायरी आकड्यात पकडावी आणि फासातून पुढे ओढावी. एक ओळ विणली गेली. पायरीमागून पायरी असं वर यावं आणि शेवटचा फास सुईवर चढवावा. चढवताना फासाचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा, नाहीतर टाका पिळला जातो आणि तिथे आवळल्यासारखं दिसतं. उलट टाका निसटला असेल तर कापड फिरवून धरावं. त्या बाजूने तो सुलटच असतो.

जाळीची वीण मात्र अशी सहज सावरत नाही, कारण तिथे मुद्दाम घातलेली भोकं आणि जोडलेले टाके एकमेकांत गुंतलेले असतात. तिथे राखणीचा दोरा उपयोगी पडतो. बिनचूक झालेली ओळ सुईवर असताना वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा दाभणात ओवून सगळ्या टाक्यांतून काढून ठेवायचा. पुढे चूक झाली आणि उसवावं लागलं, तर वीण त्या दोऱ्यापाशी थांबते आणि सगळे टाके तिथे रांगेने मिळतात. गळ्यासाठी टाके विभागण्याआधीही असा दोरा घातलेला बरा.

हे सगळं शिकायला स्वेटर अर्धा होण्याची वाट बघू नये. मोजून झालेल्या चौकोनाच्या मधला एक टाका मुद्दाम सुईवरून सोडावा, पाच-सहा ओळी खाली जाऊ द्यावा आणि क्रोशाने वर आणावा. एकदा सुलट बाजूने, एकदा उलट. स्वेटरचे टाके त्यानंतर घालावेत.