बीटा आवृत्ती जुनीवर चढवावी का?

सॉफ्टवेअर पक्के होण्याआधी चाचणीसाठी जी आवृत्ती देतात, ती बीटा. ती टाकताना आधीची, चालती आवृत्ती पुसली जावी का? शक्यतो नाही. गूगलने २०१० साली आणलेले क्रोम कॅनरी, म्हणजे क्रोम ब्राउझरचे चाचणीसाठीचे रूप, नेहमीच्या क्रोमशेजारी स्वतंत्र बसते. ते कोलमडले तरी नेहमीच्या क्रोममधले बँकेचे काम अडत नाही.

खरी अडचण प्रोग्रामपेक्षा माहितीची. फायरफॉक्स हा ब्राउझर आपले बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग ज्या फोल्डरमध्ये ठेवतो त्याला प्रोफाइल म्हणतात. नवी आवृत्ती त्यातल्या फायलींची रचना बदलू शकते, मग जुनीला त्या नीट वाचता येत नाहीत. म्हणजे आवृत्त्या दोन पण प्रोफाइल एकच असेल, तर धोका तसाच. मे २०१९ मधल्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला आपसूक वेगळे प्रोफाइल मिळू लागले.

आयफोनवर मात्र आयओएसची बीटा जुन्या सिस्टिमच्या जागीच बसते. परतायचे तर फोन पूर्ण पुसावा लागतो, आणि बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर चालत नाही. म्हणून बीटा टाकण्याआधीच संगणकावर बॅकअप घेऊन तो वेगळा ठेवायचा.