नवा प्रोसेसर, जुनी ऑपरेटिंग सिस्टीम

इंटेलने १९७८ मध्ये आणलेल्या ८०८६ या प्रोसेसरचा आज्ञासंच पुढील पिढ्यांनी जपला. त्यामुळे जुनी प्रणाली नव्या प्रोसेसरवर चालावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मग अडचण कोठे येते?

बहुधा प्रोसेसरच्या भोवती. २०१५ च्या स्कायलेक पिढीच्या संगणकांवर विंडोज ७ बसवताना कीबोर्ड व माऊस अनेकदा निकामी ठरत. यूएसबीचा जुना नियंत्रक चिपसेटमधून वगळला गेला होता आणि नव्याचा ड्रायव्हर २००९ च्या त्या प्रणालीत नव्हताच. अर्थात, तो बाहेरून जोडता येई.

पुढची अडचण मात्र धोरणाची होती. यापुढील प्रोसेसरांना केवळ विंडोज १० चे पाठबळ मिळेल, असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले. २०१७ मध्ये केबी लेक प्रोसेसरवरील विंडोज ७ ची अद्यतने रोखण्यात आली. वस्तुतः त्या प्रणालीची मुदत १४ जानेवारी २०२० पर्यंत होती. संगणक चालत असे, पण सुरक्षेतील उघड झालेल्या त्रुटी तशाच राहत. जुन्या प्रणालीवर बेतलेले सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कार्यालयांना हा धोका पत्करावा लागे, किंवा सॉफ्टवेअर बदलण्याचा खर्च.

२०२१ च्या विंडोज ११ ने उलट जुने प्रोसेसर नाकारले. केबी लेकचे बहुतेक प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली.