धक्क्याला बांधलेली होडी

मुंबई बंदरात उधाणाला पाणी ४ मीटरहून अधिक चढते-उतरते. होडीचा दोर आखूड बांधला तर ओहोटीला ती लटकेल किंवा दोर तुटेल. ढिला सोडला तर ती लाटांबरोबर धक्क्यावर आपटेल. मग करायचे काय?

येथे पायथागोरस उपयोगी पडतो. समजा, भरतीला दोर आडवा व ३ मीटर लांब आहे. पाणी ४ मीटर उतरले की ५ मीटर दोर लागेल. म्हणजे २ मीटर ढील आधीच ठेवावी लागणार. आता दोर २० मीटर दूरच्या खुंटाला बांधा. कर्ण येतो २०.४ मीटर, ढील फक्त ४० सेंटिमीटर! म्हणून नाळेचा दोर मागच्या व पिछाडीचा पुढच्या खुंटाला, असे लांब, तिरके दोर बांधतात. होडीचे पुढे-मागे सरकणे त्यांनी आवरते. दोर नायलॉनचा असेल तर तो ताणला जाऊन हिसकाही सौम्य होतो. मध्ये टांगलेले जुने टायर मात्र नुसता मार सोसतात.