नजर एकीकडे, लक्ष दुसरीकडे

देवळाली कॅम्पात तोफेचा आवाज कुणाला नवा नाही. सराव सुरू असला की लांबून धमाका येतो आणि दुकानदार मान वर न करता हिशेब पुढे चालू ठेवतो. स्कूल ऑफ आर्टिलरीत निरीक्षणाचं काम शिकणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र गोळा नेमका कुठे पडला हे टिपावं लागतं. सात पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून त्याला साधारण सात अंशांचा तुकडा दिसतो. दुर्बीण खाली घेतली की दोन्ही डोळ्यांना मिळून आडवं सुमारे १८० अंशांचं मैदान खुलं होतं. बारकावा हवा तर आवाका सोडायचा आणि आवाका हवा तर बारकावा. ही तडजोड दुर्बीण नसतानाही आपला डोळा दर क्षणी करत असतो, आणि ती आपल्याला जाणवत नाही म्हणूनच दृष्टीविषयी इतके गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज: समोरचं सगळं दृश्य सारखंच स्पष्ट दिसतं.

खरी तीक्ष्ण नजर फक्त मधोमध असते. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढाच भाग. दृष्टिपटलाच्या या मध्यबिंदूत बारकावा टिपणाऱ्या शंकू पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि मेंदूच्या मागच्या बाजूला जिथे दृश्य प्रथम पोहोचतं, तिथली निम्म्याच्या आसपास जागा मधल्या दहा अंशांनाच दिलेली असते. बाकीचं चित्र आपण जोडून घेतो. डोळे सेकंदाला सुमारे तीनदा उडी मारतात, आणि त्या उडीतलं पुसट चित्र मेंदू आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही.

गैरसमज: कडेची नजर म्हणजे मधल्या नजरेची हलकी आवृत्ती.

हा समज मला सगळ्यांत अन्यायाचा वाटतो. दारणा नदीकाठच्या उसातून संध्याकाळी काही हललं, तर ते आधी कडेलाच कळतं. या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे ही गोष्ट इथे पुस्तकी राहत नाही. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंड पेशी मध्यबिंदूत जवळजवळ नसतातच. त्यांची सर्वाधिक दाटी मध्यापासून सुमारे वीस अंशांवर असते. म्हणून रात्री एखाद्या पुसट वस्तूकडे थेट रोखून पाहिलं की ती नाहीशी होते. अनेक देशांच्या सैन्यांत रात्रीच्या पहाऱ्यासाठी वस्तूच्या किंचित बाजूला बघायला शिकवतात ते याचसाठी.

कडेला रंग दिसत नाहीत, हेही खरं नाही. रंगीत वस्तू पुरेशी मोठी असली की दिसतात. कडेच्या नजरेची खरी अडचण गर्दीची आहे. एकटं अक्षर कडेने वाचता येतं, पण त्याला दोन्ही बाजूंनी अक्षरं चिकटली की सगळ्यांची सरमिसळ होते.

गैरसमज: जिथे नजर, तिथेच लक्ष.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अंधाऱ्या पेटीत अक्षरं ठेवली, नजर मध्यावर खिळवली आणि क्षणभर ठिणगी पाडून उजेड केला. डोळा हलायला वेळच नव्हता. तरी मनाने आधीच निवडून ठेवलेल्या बाजूची अक्षरं त्याला वाचता आली. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मायकेल पोस्नर यांनी हे मोजून दाखवलं : नजर न हलवता लक्ष बाजूला नेलं, तर तिथल्या खुणेला माणूस लवकर प्रतिसाद देतो.

हे घडवणारी मेंदूतली दोन जाळी २००२ मध्ये कॉर्बेटा आणि शुलमन यांनी सविस्तर मांडली. एक मेंदूच्या वरच्या बाजूने जातं. आपण ठरवून लक्ष देतो तेव्हा ते जागं होतं, आणि डोळे फिरवणारे भागही त्यातच येतात. दुसरं खालच्या बाजूने, मुख्यतः उजव्या अर्ध्यात असतं. काही महत्त्वाचं अनपेक्षित घडलं की चालू काम तोडून लक्ष तिकडे वळवणं हे त्याचं काम. एक ठरवून बघणारं, दुसरं हाक मारणारं.

यावरून मधली नजर पहिल्या जाळ्याची आणि कडेची दुसऱ्याची, असं सोपं समीकरण मांडलं जातं. ते चुकीचं आहे. ठरवून दिलेलं लक्ष कडेलाही जातं, आणि नजरेच्या मधोमध अचानक घडलेली गोष्टही दुसऱ्या जाळ्याला हलवते. मधल्या दृष्टीचा मेंदूतला भाग एकाग्रता सांभाळणाऱ्या जाळ्याशी जास्त घट्ट जोडलेला आढळतो, पण फरक कमी-जास्तीचा आहे. नजर आणि लक्ष वेगळं असल्याचं आजारातही दिसतं: मेंदूच्या उजव्या अर्ध्यात पक्षाघाताचा झटका आलेले काही रुग्ण ताटातलं डाव्या अर्ध्यातलं अन्न तसंच ठेवतात. त्यांचे डोळे शाबूत असतात, त्या बाजूकडे लक्षच जात नाही.

गैरसमज: समोर बघतोय म्हणजे दिसेलच.

२०१३ मध्ये २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं. गाठीच्या सरासरी आकारापेक्षा ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या १२ जणांची नजर थेट त्यावर पडून गेली होती. इथल्या लाम रोडवर कानात इअरफोन घालून बोलत गाडी चालवणाऱ्याने हा प्रयोग लक्षात ठेवावा. हात मोकळे असले तरी संभाषण लक्ष खेचून घेतं. समोरचा माणूस डोळ्यांत उतरतो पण मनापर्यंत पोहोचत नाही.

गैरसमज: कडेची दृष्टी गेली तर काळी चौकट दिसेल.

काचबिंदूत बहुतेकांना काहीच दिसत नाही, म्हणजे काही गेल्याचंच दिसत नाही. कड हळूहळू झिजते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरतो आणि उरलेली पोकळी मेंदू आसपासच्या रंगाने लिंपून टाकतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. उपचाराने पुढची हानी रोखता येते. म्हणून चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच, डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी, केवळ चष्म्याचा नंबर नव्हे.

त्यातल्या फील्ड टेस्टमध्ये मधल्या दिव्यावर नजर खिळवायची आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. थोडक्यात, नजर मध्यावर ठेवून लक्ष चहूकडे पसरायचं. यंत्र मधूनच डोळ्याच्या अंधबिंदूवर, म्हणजे जिथे काहीच दिसत नाही तिथे, ठिपका टाकतं. तो दिसला तर नजर हलली हे त्याला कळतं. थकवा आला, मन भरकटलं, की निरोगी डोळाही ठिपके चुकवतो. बऱ्याच जणांची पहिली चाचणी म्हणूनच वाईट येते, आणि डॉक्टर ती काही दिवसांनी पुन्हा करायला सांगतात.