जॅक रोझ: सफरचंदाची ब्रँडी नसली तर काय?

आजचा एपिसोड 25 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी. महाराष्ट्रात ब्रँडी-व्हिस्कीसाठी कायद्याने तेवढं वय लागतं, शिवाय परवानाही. बाकीच्यांसाठी शेवटी एक बिनदारूची रेसिपी आहे, थांबा.

जॅक रोझमध्ये तीनच गोष्टी असतात: ॲपलजॅक म्हणजे अमेरिकेतली सफरचंदाची ब्रँडी, लिंबाचा रस आणि ग्रेनेडिन. हेमिंग्वेच्या 1926 च्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ कादंबरीतला नायक पॅरिसच्या हॉटेलात हेच पितो.

आता आपल्या संभाजीनगरचं बघू. वाळूजला बिअरचे कारखाने आहेत, पण दुकानात ॲपलजॅक मागितलं तर दुकानदार आपल्याकडेच बघत बसेल! मग साधी ब्रँडी घ्यायची आणि सफरचंद वेगळं आणायचं. बिनसाखरेचा 200 मिली सफरचंदाचा रस मंद आचेवर 50 मिली होईपर्यंत आटवा. घरी दारू गाळायच्या फंदात मात्र अजिबात पडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात मिथेनॉल राहिलं तर डोळे जातात, जीवही जातो.

ग्रेनेडिन म्हणजे खरं तर डाळिंबाचं सिरप. बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत नुसती साखर आणि लाल रंग असतो, लेबल वाचून घ्या. आपल्याकडे भगवा डाळिंब मिळतं, मग बाटली कशाला? दाणे कापडात पिळा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या की रस कडवट होतो. रसाइतकीच साखर घालून ती विरघळेपर्यंतच गरम करा. उकळलं तर ताजेपणा जातो. फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा.

माप असं: ब्रँडी 45 मिली, लिंबाचा रस 20, आटवलेला रस 10, ग्रेनेडिन 10. घट्ट झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फ घालून 12-15 सेकंद जोरात हलवा आणि गाळा. बर्फ फ्रीजरमधून आयत्या वेळी काढा. आपल्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेला बर्फ लगेच पाणी सोडतो, आणि ड्रिंक पांचट होतं.

आता खरी गंमत, ॲडजस्ट करणं. कागदी लिंबू कधी जास्त आंबट, डाळिंब कधी जास्त गोड, त्यामुळे कुठलंच माप कायमचं नसतं. आधी चमचाभर चाखा. दात आंबले तर ग्रेनेडिन 5 मिली वाढवा. सरबतासारखं गोड लागलं तर लिंबू 5 मिली. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आणि चव बसत नाही म्हणून ब्रँडी वाढवू नका. त्याने तोल सुधरत नाही, फक्त चढते.

बिनदारूचं हवंय? ब्रँडी वगळा, बाकी तसंच ठेवून वर 100 मिली थंड सोडा ओता. आणि ब्रँडीवालं प्यायलं असेल तर गाडीची किल्ली हातात घेऊ नका, घरीच थांबा. भेटू पुढच्या भागात!