भिंगाशिवाय अणू

सूक्ष्मदर्शकावर वर्षं काढलेला पेशीशास्त्रज्ञ प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राकडे वळला, की त्याला पहिला धक्का बसतो तो डोळ्यांच्या निरुपयोगीपणाचा. पनवेल तालुक्यात, खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात बीआरसीए१ या प्रथिनाच्या रचनेचा अभ्यास चालतो. हे बिघडलं की स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्याचे अणू कुणी भिंगातून पाहिलेले नाहीत. मग ते कुठे बसलेत, हे कळलं कसं?

आधी स्फटिक हवा. काचेच्या चकतीवर शुद्ध प्रथिनाचा जेमतेम एक मायक्रोलिटरचा थेंब, त्यात तेवढंच क्षाराचं द्रावण. चकती उलटी करून त्याच द्रावणाच्या खळग्यावर ग्रीसने चिकटवायची. थेंबातलं पाणी वाफ होऊन खळग्यात उतरतं, प्रथिनाची दाटी होते आणि नशीब असेल तर अब्जावधी रेणू आपणहून शिस्तीत उभे राहतात! नसेल तर नुसता साका. कधी झकास स्फटिक मिळतो आणि निघतो मिठाचा. सुईने टोचून बघा: कडक लागला तर मीठ, मऊपणे विस्कटला तर बहुधा प्रथिन. त्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं ना! १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिनचा स्फटिक ओलाच ठेवला, तेव्हा कुठे त्यातून विखुरलेल्या एक्स-किरणांचे फिल्मवर रेखीव ठिपके उमटले.

पण ठिपकेच. एक्स-किरणांना गोळा करून अणूंचं चित्र जुळवणारं भिंग नाही, ते काम गणिताने करायचं. आणि गणिताला अर्धीच माहिती मिळते. ढोल-ताशा पथकातला प्रत्येक ढोल किती जोरात वाजला ते कळावं, पण कुणाचा ठोका कधी पडला ते नाही, तसं. मॅक्स पेरुट्झने १९५३ मध्ये तोड काढली: हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणू जोडायचे, ठिपक्यांत पडलेला फरक मोजायचा आणि हरवलेली वेळ शोधायची. मला हीच या शास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

फळ काय? बीआरसीए१ ही १८६३ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या शेपटाकडच्या भागाची रचना २००१ मध्ये उलगडली. नंतर दिसलं, की १७७५व्या जागी मेथिओनीनऐवजी आर्जिनीन आलं, तर ते आत न मावता बाहेर डोकावतं आणि जोडीदार प्रथिनाची जागा बिघडवतं.

या रचना ‘प्रोटीन डेटा बँके’त १९७१ पासून साठवल्या जातात, आज इंटरनेटवर फुकट. मोबाइलवर बीआरसीए१ शोधा आणि बोटाने फिरवून बघा.